एकाच होडीच्या दोन होड्या

चाचणीच्या दिवशी बंदराच्या तोंडाशी
पडद्यावर दोन होड्या आल्या.
पाण्यावर एकच होती:
‘एकवीराप्रसाद’, ससून डॉककडे परतणारी,
नाळेवर हिरव्या जाळ्यांचा ढीग,
सुकाणूशी हरेश्वर तांडेल.
त्याला काय ठाऊक,
आपल्या मागून नव्वद मीटरवर
आपणच येतो आहोत.

कमांडर धुळपांनी विचारलं, दुसरी कोण?
जहाजाच्या रडारवाले म्हणाले, आमची खरी.
किनारा-केंद्रवाले म्हणाले, आमची.
करार काढून पाहिले तर दोघेही खरे.
दोन्ही यंत्रं पास, दोन्ही बिलं चुकती.
खोटी ठरली ती फक्त होडी.

लायन गेटच्या आत, तिसऱ्या मजल्यावर
रात्री कागद उपसत बसले.
एक यंत्र उपग्रहाची वेळ जशीच्या तशी घेतं.
दुसरं जगाच्या घड्याळाची;
पृथ्वी रेंगाळते म्हणून तिथे
अधूनमधून एक सेकंद पदरचा घालतात.
साचत साचत फरक अठरा सेकंदांचा.
दहा नॉटची होडी तेवढ्यात नव्वद मीटर जाते.
क्षेपणास्त्र किती जातं
तेही वहीत मांडलं,
आणि पान उलटलं.

आत्या विचारते, तू जहाजं बांधतेस का गं?
नाही.
मग तोफा?
नाही. मी रेघा काढते,
या चौकोनापासून त्या चौकोनापर्यंत.
चौकोनाला निविदा असते, किंमत असते,
नारळ फोडायला पाहुणे येतात.
रेघ कुठल्याच दुकानात मिळत नाही.
एकेका रेघेवर थांबून विचारायचं:
कोण बोलतो, कोण ऐकतो,
अंतर मैलांत की मीटरांत,
उत्तर दिशा खरी की होकायंत्राची,
आणि ऐकणाऱ्याला कळलंच नाही तर?
गप्प बसतो, की कळल्यासारखी मान डोलावतो?
(मान डोलावणारा जास्त घातक.
आमच्या बैठकांतले मी मोजलेत.)

कपाटामागे सावेबाईंचा आराखडा सापडला.
बारा फूट लांब, वाळवीने एक कोपरा खाल्लेला.
एकेचाळीस चौकोन, रेघा शाईने,
निवृत्त होताना भिंतीवरून उतरवलेला.
तेव्हा त्यांना सांगितलं होतं म्हणे:
बाई, आधी यंत्रं येऊ द्या, मग जोडू.
वरातीमागून घोडं; तेही तीन कारखान्यांचं,
खोगीर चौथ्याचं.
रडार ते किनारा या रेघेवर
पेन्सिलीने, बारीक अक्षरात:
घड्याळ कोणाचं?
पुढे रिकामी जागा, उत्तरापुरती.
अकरा वर्षं रिकामी.

रविवारी ससून डॉकला गेले. बोंबील घ्यायचं निमित्त.
हरेश्वरला सगळं सांगता येत नव्हतं,
म्हणून एवढंच विचारलं,
वायरलेसवर गुजरातच्या बोटी, रत्नागिरीच्या,
सगळे एकदम बोलतात, मग समजतं कसं?
तो बर्फ फोडत होता. म्हणाला,
आधी नाव. मग जागा. मग काय ते.
आणि समोरच्यानं परत म्हणून दाखवायचं.
नाही म्हटलं तर?
तर सांगितलंच नाही असं धरायचं.

पुढच्या खरेदीच्या मसुद्यात
मी एक कलम घातलंय, सात-तीन-दोन.
सर्व यंत्रांची वेळ एकाच उगमाची,
दर निरोपावर वेळेचा शिक्का,
आणि पोचल्याची उलट खूण.
जोडणीची चाचणी आधी, पैसे नंतर.
अर्थविभागाच्या माटेसाहेबांनी विचारलं,
यात वस्तू कुठली मिळते?
मी म्हटलं, वस्तू नाही.
एक होडी कमी होते.

ते हसले नाहीत.
समासात त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली आहे,
कलमाच्या शेजारून, उभी.
खोडलेलं नाही. मान्यही नाही.
बुधवारी बैठक आहे.
सावेबाईंना फोन लावला होता, बोरिवलीला;
त्यांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकलं,
मग शांतपणे
पहिल्यापासून परत म्हणून दाखवलं.